मास्टर कोण, पासवर्ड कुणाकडे?

भोर विधानसभा मतदारसंघात तीन तालुके येतात: भोर, वेल्हे आणि मुळशी. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात, म्हणजे याच मतदारसंघात. तिथली पोरं रात्रपाळीला बसून साता समुद्रापलीकडच्या कंपन्यांचं नेटवर्क सांभाळतात. आणि याच मतदारसंघाच्या दुसऱ्या टोकाला, तोरण्याच्या पायथ्याच्या बाजूला, उताऱ्यासाठी सकाळच्या एसटीने आलेल्या म्हाताऱ्याला ऐकायला मिळतं, "लिंक नाही बाबा, दुपारनंतर या." मतदारसंघ तोच, आमदार तोच. लिंक तेवढी वेगळी.

लिंक नाही म्हटलं की माणूस आभाळाकडे बघतो. त्याला वाटतं, कुठेतरी लांब डोंगरात वायर तुटली असणार. तुटतेही. रस्त्याचं रुंदीकरण सुरू असलं की जेसीबी आणि केबल यांची गाठ पडतेच. पण बऱ्याच वेळा घोटाळा डोंगरात नसतो. तो त्याच इमारतीत, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात, काचेच्या दाराआड लुकलुकत असतो. त्या कपाटात एकावर एक असे दोन-चार डबे रचलेले दिसतात. त्यांना स्विच म्हणतात. कार्यालयातला प्रत्येक संगणक, प्रिंटर, कॅमेरा आणि अंगठा घेणारं यंत्र त्याच डब्यांवरच्या खाचांत, म्हणजे पोर्टांत, येऊन मिळतं.

हे डबे सुटे ठेवले तर प्रत्येकाचा पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा, कारभार वेगळा. म्हणून त्यांचा स्टॅक करतात. मागच्या बाजूने आखूड, जाड केबल लावायची: पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटच्यातून परत पहिल्यात. कडं पूर्ण झालं की तीन डबे जगासाठी एकच होतात. नाव एक, आयपी पत्ता एक, हुकूम एक. कड्यात एका ठिकाणी केबल निसटली तरी माहिती उलट्या बाजूने फिरून पोचते, वेग तेवढा निम्म्यावर येतो. सिस्कोच्या स्विचना ही केबल अर्ध्या, एक किंवा तीन मीटरची मिळते. त्यामुळे निविदापूर्व बैठकीत कुणी "भोर आणि वेल्हे एकाच स्टॅकमध्ये घेऊन टाका, खर्च वाचेल" असं सुचवलं, तर चहा संपेपर्यंत मान हलवावी आणि पुढच्या विषयाकडे वळावं. काही कंपन्या ऑप्टिकल फायबरवरून लांबचा स्टॅकही बांधू देतात, पण हे बैठकीत सांगू नये. लगेच प्रस्ताव होतो.

आता मुख्य गंमत. या डब्यांत एक मास्टर असतो. हल्ली कंपन्या त्याला 'अॅक्टिव्ह' म्हणतात, पण कपाटाशी वाकून काम करणारी पोरं अजून मास्टरच म्हणतात. बाकीचे सदस्य, आणि त्यातला एक उपमास्टर, जो वरच्याच्या मरणाची वाट बघत तयारीत बसलेला असतो. मास्टर ठरतो निवडणुकीने. हो, निवडणुकीने, मॅन्युअलमध्येही हाच शब्द आहे. प्रत्येक डब्याला १ ते १५ मधला एक प्रायॉरिटी क्रमांक देता येतो. ज्याचा मोठा तो मास्टर. कारखान्यातून निघताना सगळ्यांचा क्रमांक १ असतो, म्हणजे सर्वांना समान संधी. आणि समान संधी असली की कोण निवडून येतं? मतं सारखी पडली तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान, तो जिंकतो. मॅक पत्ता कारखान्यात ओळीने दिला जातो, म्हणजे बहुधा सर्वांत आधी बनलेला, सर्वांत जुना डबा खुर्चीवर बसतो. ज्याचा पंखा घरघरतोय, ज्याची निवृत्ती कागदोपत्री दोन वर्षांपूर्वीच झाली, तोच सगळ्यांचा कारभार पाहतो. हा नियम अमेरिकेतल्या इंजिनिअरांनी स्वतःच्या डोक्याने काढला म्हणतात. मला शंका आहे, त्यातला एखादा आपल्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला येऊन गेला असावा.

यावर उपाय एका ओळीचा आहे. 'स्विच १ प्रायॉरिटी १५' असं लिहायचं, झालं. पैसे लागत नाहीत, निविदा लागत नाही, बहुतेक म्हणूनच ते कुणी करत नाही.

आमचा मतदारसंघही तीन डब्यांचा स्टॅकच आहे, आणि नियम थेट लागू पडतात. २००९, २०१४ आणि २०१९ अशा तीन निवडणुकांत मास्टर भोरचा होता, संग्राम थोपटे. २०२४ ला मास्टर मुळशीकडे गेला, शंकर मांडेकर. बावधन-हिंजवडीच्या इमारतींनी मुळशीच्या डब्याचे पोर्ट केव्हाच वाढवून ठेवले होते. पण स्टॅकमधला नियम असा, की नवा डबा कितीही मोठ्या प्रायॉरिटीचा असला तरी चालू मास्टरला तो लगेच हलवू शकत नाही. पुढच्या रीलोडपर्यंत थांबावं लागतं. आपल्याकडे रीलोड पाच वर्षांनी होतो. रीलोडच्या वेळी स्टॅकचे सगळे पोर्ट काही मिनिटं बंद पडतात, कुणाचंही काम होत नाही. आपल्याकडे त्याला आचारसंहिता म्हणतात.

तिसरा डबा वेल्हे. तो कधीच मास्टर होत नाही. त्याचे पोर्टच कमी. पण त्यातून पाणी सगळ्यांना जातं. पानशेत, वरसगाव ही पुण्याला पाजणारी धरणं वेल्ह्यातली. नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर अपलोड भरपूर, डाउनलोड नाही.

आणखी एक कलम वाचण्यासारखं आहे. चालू असलेला स्विच विजेसकट उचलून दुसऱ्या चालू स्टॅकला जोडला, तर दोन मास्टर समोरासमोर येतात, पुन्हा निवडणूक होते, हरलेली बाजू रीबूट होते आणि जिंकलेल्या मास्टरचं कॉन्फिगरेशन मुकाट्याने अंगावर घेते. कालपर्यंत काय बोलत होतो, ते तिच्या वागण्यात उरत नाही. म्हणून जाणकार सांगतात, नवा सदस्य नेहमी बंद अवस्थेत जोडावा आणि मग वीज द्यावी. पक्षप्रवेशाच्या व्यासपीठावरही हे पाळलं जातं असं माझं निरीक्षण आहे.

आणि कडं एका ठिकाणी न तुटता दोन ठिकाणी तुटलं तर? स्टॅकचे दोन तुकडे होतात. दोन्हीकडे मास्टर, दोन्हीकडे तेच नाव, तोच आयपी पत्ता. दोघेही जगाला सांगतात, मूळ मीच. बाकीच्या नेटवर्कला कळत नाही की निरोप कुणाला द्यायचा. २०२२ आणि २०२३ साली पक्ष फुटताना महाराष्ट्राने हा प्रयोग दोनदा पाहिला. फरक एवढाच, की स्विचला निवडणूक आयोगाकडे जाता येत नाही. कुणीतरी हाताने एका तुकड्याचा पत्ता बदलावा लागतो, तेव्हा कुठे काम सुरू होतं.

असो. राजकारण पुरे, कपाट उघडू.

उघडायचं म्हटलं तर तिथेच गाडी अडते. कपाटाची चावी शिपायाकडे. शिपाई रजेवर. आत शिरायची केबल ठेकेदाराच्या पोराच्या बॅगेत. पोरगा सासवडच्या साइटवर. पासवर्ड पुण्याच्या ऑफिसात, आणि पुण्याच्या ऑफिसातला ज्याला तो माहीत होता, त्याने नोकरी सोडली. स्टॅक हा एक हुकूम मानणारा प्राणी आहे हे खरं, पण हुकूम द्यायला माणूस आत शिरायला हवा ना!

शिरायची रीत सोपी आहे. निळ्या रंगाची चपटी कन्सोल केबल असते. तिचं एक टोक स्विचच्या कन्सोल पोर्टात, दुसरं लॅपटॉपला. वेग ९६०० बॉड ठेवायचा, एंटर दाबायचं, समोर अक्षरं उमटतात. गंमत अशी, की केबल स्टॅकमधल्या कुठल्याही डब्याला लावली तरी बोलणं मास्टरशीच होतं. एवढी एकखिडकी योजना सरकारला अजून जमलेली नाही. ही केबल नव्या स्विचच्या खोक्यातच बरेचदा येत असते. खोकं उघडतात, स्विच काढतात, थर्माकोल गच्चीवर जातो, खोकं शिपाई घरी नेतो, आणि केबल? तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. मग सहा महिन्यांनी जेव्हा गरज पडते, तेव्हा संवाद असा होतो:

"भाऊसाहेब, कन्सोल केबल होती ना?"

"कसली केबल? आमच्याकडं डबा आलता, डबा बसवला."

"पासवर्ड?"

"आवं, तुमीच बसवलाय, तुमालाच ठावं!"

"मी नव्हतो हो, आधीचा पोरगा होता."

"मग त्यालाच इचारा की. लाइट लागतीय बघा, हिरवी. मशीन चालू हाय."

हिरवा दिवा लागला की मशीन चालू, हा समज तिन्ही तालुक्यांत पक्का आहे. पण स्टॅकमध्ये एखादा डबा असाही असतो ज्याचं सॉफ्टवेअर बाकीच्यांपेक्षा जुनं किंवा नवं असतं. मास्टर त्याला आत घेत नाही. 'शो स्विच' असा हुकूम दिला तर यादीत त्याच्यापुढे 'व्हर्जन मिसमॅच' अशा अर्थाचा शेरा दिसतो. तो कपाटात असतो, वीज खातो, दिवे लावतो, जडवस्तू नोंदवहीत त्याचा अनुक्रमांक असतो, देखभालीचं बिलही त्याच्या नावाने निघतं. काम शून्य. अशा सदस्याला काढा म्हटलं की सगळं कार्यालय अस्वस्थ होतं, ते का, ते मी सांगणार नाही.

पासवर्ड हरवला तरी घाबरायचं कारण नाही. सिस्कोच्या अनेक स्विचवर पुढच्या बाजूला 'मोड' नावाचं बटण असतं. ते दाबून धरायचं आणि वीज चालू करायची. स्विच अर्धवट जागा होतो, मग जुनं कॉन्फिगरेशन बाजूला ठेवून त्याला पासवर्डशिवाय उठवता येतं. म्हणजे कपाटाची चावी ज्याच्याकडे, पासवर्ड त्याचाच. सायबर सुरक्षेवर भाषणं होतात, फ्लेक्स लागतात, आणि शेवटी सगळी सुरक्षा शिपायाच्या खिशातल्या जुडग्यावर टांगलेली असते. शिपाई माणूस भला असतो म्हणून राज्य चाललंय. शिवाय बऱ्याच ठिकाणी मोड बटणाचीही गरज पडत नाही. 'अॅडमिन' आणि खाली पुन्हा 'अॅडमिन' टाका, दार उघडतं.

लांबून शिरायचं तर दोन वाटा. टेलनेट नावाची जुनी वाट आहे, तिच्यावर पासवर्ड उघड्यावर चालत जातो, मधे बसलेला कुणीही वाचतो. एसएसएच नावाची दुसरी वाट आहे, तिच्यावर सगळं कुलूपबंद जातं. पण सिस्कोच्या स्विचवर एसएसएचची किल्ली तयार करायच्या आधी स्विचला स्वतःचं नाव द्यावं लागतं. कारखान्याचं 'स्विच' हे नाव तसंच ठेवलं तर तो किल्ली देत नाही. आधी नाव, मग किल्ली.

नाव देण्याच्या बाबतीत मात्र आपलं राज्य कधी मागे राहिलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली. चांगलं झालं. शिवाजी महाराजांची पंचवीसएक वर्षांची राजधानी ज्या तालुक्यात, त्याला तिचं नाव शोभतं. त्याच सुमाराला ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. स्विचवर नाव बदलायला 'होस्टनेम' आणि पुढे नवं नाव, एवढी एक ओळ लागते. संपूर्ण स्टॅकला एकदाच. नाव बदलल्याने एकही पोर्ट वाढत नाही, वेगही वाढत नाही. निदान स्विच तसा दावा करत नाही.

स्टॅकमधल्या सुट्या डब्यांना नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पोर्टचा पत्ता त्यावरूनच: २/०/१७ म्हणजे दुसऱ्या डब्यातला सतरावा पोर्ट. आता लोक काय करतात, वरून खाली मोजतात आणि स्टिकर लावतात १, २, ३. आतमध्ये मात्र ज्याला २ वाटतं तो ३ असतो, कारण क्रमांक कपाटातल्या जागेवरून ठरत नाही, स्विच स्वतःचा क्रमांक स्वतःच्या पोटात जपून ठेवतो. मग फोनवरून सूचना येते, "दोन नंबरचा बंद करून चालू करा," इकडे भाऊसाहेब भलताच डबा बंद करतात आणि पुरवठा शाखेचं काम चालू असताना तिचीच लिंक जाते. क्रमांक बदलायचा हुकूम आहे, पण तो डबा रीलोड झाल्यावरच लागू होतो. म्हणून ते काम स्थापनेच्या दिवशीच करायचं असतं. स्थापनेच्या दिवशी नेमका नारळ फोडायचा कार्यक्रम असतो.

आता सर्वांत महागडी चूक. स्विचमध्ये कारभाराच्या दोन प्रती असतात. एक चालू, जी आत्ता अमलात आहे. दुसरी जपलेली, जी वीज गेल्यावर परत येताना वाचली जाते. पुण्याहून आलेला इंजिनिअर दिवसभर बसून सगळं नीट लावतो: महसुलाचे संगणक एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, कॅमेरे दुसऱ्यात, बाहेरून आलेल्या माणसाला तिसऱ्यात. चालू प्रत झकास होते. संध्याकाळी शेवटच्या गाडीची घाई असते, आणि 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' ही एक ओळ टंकायची राहते. रात्री पाऊस येतो. वेल्ह्यात जुलैच्या रात्री वीज जाणं ही बातमी नसते. सकाळी स्विच उठतो तो आधीच्या अवतारात, कालचं काही आठवत नाही. इंजिनिअरला फोन लावावा तर त्याचं म्हणणं, मी काल सगळं करून दिलं होतं. तोही खरं बोलतो. अशी खरी माणसं आणि बंद पडलेली कामं यांची सरकारी कार्यालयांत कमतरता नाही.

बाहेरून येणारी फायबर हा वेगळा अध्याय. शहाणपण असं सांगतं, की दोन फायबर असतील तर एक पहिल्या डब्यात, दुसरी शेवटच्या डब्यात लावावी आणि दोघींची एक जोडी बांधावी. स्टॅकचा खरा फायदा तिथेच आहे: एक डबा जळाला तरी दुसऱ्या डब्यातून जग दिसत राहतं. प्रत्यक्षात दोन्ही फायबर पहिल्याच डब्यात, शेजारीशेजारी. का? "तिथपर्यंत पुरली."

पण कपाटाला तरी किती बोलायचं? देशाचंही तसंच झालं. खेड्यापाड्यांत फायबर न्यायची योजना केंद्राने २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर केली. उद्दिष्ट अडीच लाख ग्रामपंचायतींचं होतं. २०१५ च्या सुमाराला तिचं नाव भारतनेट झालं. नाव बदलण्याचा विषय वर येऊन गेलाच आहे. तालुक्यापासून निघालेली फायबर एका सरळ ओळीत गावागावांतून जायची. अलीकडच्या गावात तुटली की पलीकडची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला आणि त्यात ठरलं, की आता ओळ नको, कडं करू. म्हणजे एका जागी तुटली तर उलट बाजूने पोचता येईल. बारा वर्षांनी ठरलं. सिस्कोने ३७५० नावाच्या स्विचमागे कड्याची केबल २००३ सालीच दिली होती, एका स्टॅकमध्ये नऊ डब्यांपर्यंत. दिल्लीतल्या कुणीतरी आपल्याच कार्यालयाच्या जिन्याखालचं कपाट मागून बघायला हवं होतं.

अर्थात भोर-वेल्ह्यात कडं करणं सोपं नाही, हे मान्य. एकीकडे भाटघर आणि नीरा-देवघरचं पाणी, दुसरीकडे गुंजवणी, मधे डोंगर. वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद होतो, तिथे फायबर कशी टिकावी? म्हणून निदान जे कपाटाच्या आत आहे, आपल्या हाताच्या अंतरावर आहे, तेवढं तरी नीट करावं. त्यासाठी डोंगर फोडावा लागत नाही.

हे सगळं करायला कुणी फार मोठा तज्ज्ञ लागतो असंही नाही. भोरच्या, नसरापूरच्या कितीतरी घरांतून आयटीआय, डिप्लोमा झालेली पोरं रोज सकाळी पुण्याला कामाला जातात. त्यातल्या अनेकांना 'शो स्विच' म्हणजे काय ते झोपेत विचारलं तरी सांगता येईल. ती पोरं हिंजवडीत परक्यांच्या कपाटांना प्रायॉरिटी लावतात आणि शनिवारी गावी येऊन वडलांच्या उताऱ्यासाठी रांगेत उभी राहतात. रांगेत समोर कपाट दिसतं. हात शिवशिवतात, पण त्यांना कुणी विचारत नाही; ती अधिकृत ठेकेदाराची माणसं नाहीत ना.

तेव्हा काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर ज्यांची सही लागते, त्या साहेबांना एवढीच विनंती. ठेकेदाराचा माणूस पेन पुढे करेल तेव्हा त्याला आधी कपाटासमोर बसवा. मास्टर कोणता ठेवलाय आणि का, ते त्याच्याकडून ऐका. डब्यांवरचे स्टिकर आतल्या क्रमांकांशी जुळवून घ्या. एक स्टॅक केबल त्याला तुमच्यासमोर काढायला लावा आणि काम चालू राहतं का ते बघा. मग मुख्य वीज बंद करा, पाच मिनिटं चहा घ्या, परत चालू करा. सगळं आपोआप उठलं तर कन्सोल केबल जडवस्तू नोंदवहीत चढवा, पासवर्ड पाकिटात घालून लाखेने बंद करा आणि तुमच्या तिजोरीत ठेवा. नाही उठलं, तर पेन खिशात ठेवा आणि बिल अडवून धरा.